जीवराम सोनारानं घासलेलं नाव

धरणगावच्या सोनारआळीत जीवरामच्या दुकानाला पाटी नव्हती. लागतही नव्हती. डोळे मिटून आळीत शिरलं तरी सकाळभराची ठकठक माणसाला थेट त्याच्या ओट्यावर नेऊन सोडायची, आणि ठकठक थांबली की लगेच 'फू' ऐकू यायचं. दिव्याची ज्योत नळीनं फुंकून फुंकून जीवरामला बोलण्याआधीही फुंकायची खोड जडली होती. "फू... काय लई उनी वं माय?" "फू... उद्या ये." आळीतली पोरं त्याच्यामागून गाल फुगवून चालायची. तो वळला की साळसूद चेहरे करून आभाळातल्या घारी बघायला लागायची.

या नकलेचा मूळ पुरुष धनसिंग. मागच्या गल्लीतल्या रुपचंद पाटलाचा मुलगा, जीवरामचा लंगोटीयार. शेतावरून आला की जीवरामच्या ओट्यावर बैठक मारायचा आणि गिऱ्हाइकाला स्वतःच उत्तर द्यायचा, "फू... चांदी महाग शे, अक्का!" असा हुबेहूब, की आत बसलेल्या जीवरामलाही क्षणभर वाटावं, आपणच बोललो की काय.

जोडवी-तोडे सगळेच सोनार करत. जीवरामकडे लोक यायचे ते टाकांसाठी. घरातलं माणूस गेलं, की त्याचा चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला टाक देवघरात बसायचा. जीवराम आधी नाक-डोळे उठवी. तोवर ती नुसती चांदी. मग पत्रा उलटा करून पाठीवर टोच्यानं नाव कोरी, आणि तिथून पुढं ती चांदी नसे, माणूस असे. सुना तिच्यासमोर पदर सावरून बसत.

हत्यारं हाती देताना बापानं त्याला बजावलं होतं, "जित्ताना नाव धातूवर चढावू नको, तो मरी जाई. आनि मरेलना नाव उतारू नको, तो तुना ओटावर ईसन बठी." उतरवलं तर मेलेला ओट्यावर येऊन बसेल, हे सांगताना बापाचा आवाज इतका खाली जायचा, की जीवरामनं ते कधी कुणाला सांगितलं तर त्याचाही आवाज आपोआप तिथंच उतरायचा.

मोठी लढाई संपली, तिकडं विलायतेत तह झाला आणि इकडं सरकारनं शाळेतल्या पोरांना तहाचे बिल्ले वाटले. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला साल. आयांची जीवरामकडं रीघ लागली, बिल्ल्याला कडी लावून द्या म्हणून. एका बाईनं तर राजाला पोराच्या गळ्यात वाघनखाच्या शेजारी बसवलं. जीवराम प्रत्येक बिल्ला उलटा करून बघायचा. पाठीवर कुणाचं नाव नाही ना? नाही. मग कडी.

"आनि राजानं नाव शे ते?" कुणी तरी खोचून विचारलं.

"फू... राजाले रुपयावर बठानी सवय शे. त्याले काही व्हत नही."

लोक हसले. जीवरामही हसला. त्या दिवसांत तह म्हणजे माणसं परत येणार, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. धनसिंग लढाईच्या दुसऱ्या वर्षी खेचरांच्या पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेला होता. बंदूक नव्हे, दाणा-पाणी आणि ओझी. त्याची बायको भागाबाई, आई ताईबाई आणि मनातल्या मनात जीवराम, असे तिघं जण गाडीची शिट्टी झाली की मान उचलत. त्याच्या पलटणीतला गिरधर आधीच परतला होता, छातीवर दोन बिल्ले आणि तोंडात अर्धी हिंदुस्थानी घेऊन. "धनसिंगकू मी खुद दवाखान्यात सोडी उनू, भाभी. रोटी खाता था. कसम से!"

धनसिंग आला नाही. त्या हिवाळ्यात पोस्टमन आला. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय. "घ्या, घ्या. विलायतेचं, विलायतेचं. नाव तुमच्याच माणसाचं, तुमच्याच."

जाड पुठ्ठ्यातून निघाली ती ताटलीएवढी वजनदार, काळपट पिवळी थाळी. तिच्यावर उभी बाई. डोक्याला मुकुट, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. सगळ्यात खाली आणखी एक छोटा सिंह कुठल्याशा पाखराला फाडत होता. हे बघून गल्लीत दुसरं काय वाटणार? "देवी शे वं! धनसिंगनी देवी धाडी!" बायांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, सिंहाला लावलं, खालच्या सिंहालाही लावलं. भागाबाई हसत-रडत थाळी पदराखाली घेऊन जीवरामकडं आली. "भाऊ, भिंतीले टांगानी शे. कडी लाई द्या."

जीवरामनं थाळी हातात घेतली आणि सवयीनं उलटी केली. पाठ कोरी. तो सुटलो म्हणून श्वास सोडणार, तेवढ्यात ती परत सुलटी झाली. सिंहाच्या डोक्यावर एक लांबट चौकट होती आणि चौकटीत उठावाची अक्षरं. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

"हाई काय?"

"त्यासनं नाव शे ना," भागाबाई लाजून म्हणाली. पोस्टमननं बोट ठेवून दाखवलं होतं.

जीवरामचे गाल फुगले ते तसेच राहिले. नाव कोरलेलं नव्हतं. ते धातू पातळ असतानाच त्यात ओतलं होतं, देवीबरोबर, सिंहाबरोबर. इतकं पक्कं नाव त्यानं जन्मात कुणाच्या टाकावर बघितलं नव्हतं.

"कडी उद्या लावू," तो म्हणाला. फू न करता.

दुसऱ्या दिवशी शाळेतले गुरुजी देवीच्या दर्शनाला आले. काठाकाठानं इंग्रजी ओळ गेली होती. ती त्यांनी थाळी फिरवत फिरवत, फळ्यासमोर उभं राहावं तशा आवाजात वाचली आणि अर्थ सांगितला, "तो स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला." मग वर्गातल्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोण मेला? तो मेला. कशासाठी मेला?" आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आपण कुठं उभे आहोत. ते चपला हातात घेऊनच गेले.

संध्याकाळपर्यंत थाळीवरचं कुंकू पुसलं गेलं. आता त्या बाईच्या त्रिशुळाकडं कुणी बघेना. दोंडाईच्याहून पाहुणा आला, तो म्हणाला आमच्याकडंही एका घरी ही आली, त्या घरचाही गडी परतला नाही. रावेरकडंही आली म्हणे. मग तर आळीतल्या आया पोरांना भागाबाईच्या दारावरून धावत जायला सांगू लागल्या. ही बाई ज्या घरात येते तिथला माणूस मागते.

ताईबाईनं मात्र आरडाओरडा केला नाही. म्हातारीचं प्रत्येक वाक्य 'मी म्हनस'नं सुरू व्हायचं आणि कुणी मधे बोललं तर ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. "मी म्हनस, धातूमा नाव उनं म्हनजे उनं. मी म्हनस, आखाजीले मना पोऱ्यानी घागर भरसू. आनि मी म्हनस, हिना हातमा बांगड्या शोभतस का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायची ती मेलेल्यांसाठी. एकदा नावानं घागर भरली, की घर त्याला गेलेला मानतं. मग तो गाडीतून उतरून दारात उभा राहिला तरी त्याला पाणी कुणी, कुठल्या भांड्यातून द्यायचं? भागाबाईला घागरीचा धसका होता. बांगड्यांचा त्या मानानं कमी.

वैशाख पेटला. आखाजी दोन दिवसांवर आली होती. भर दुपारी, आळीत कुत्रंही सावली सोडत नव्हतं, तेव्हा ती थाळी घेऊन ओट्यावर येऊन उभी राहिली.

"भाऊ, गिरधर सांगस, रोटी खात व्हता. हाई सांगस, मरी गया. तुम्ही यावरनं नाव घासी टाका."

"फू... आनि तो मरेल व्हई ते?"

बापानं सांगितलेलं तिला धनसिंगकडून कधीतरी कळलं असणार, कारण ती जीवरामच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "ते मंग तो तुमना ओटावर ईसन बठी. तुमना दोस्त शे. बठू द्या."

जीवरामनं थाळी मांडीवर घेतली. जिवंत असेल तर हे नाव त्याला ओढून नेईल. मेला असेल तर नाव उतरवणाऱ्याची धडगत नाही. दोन्ही बाजूंनी एकच माणूस, आणि तो त्याच्या ओट्यावर बसून 'चांदी महाग शे' म्हणणारा. शेवटी त्यानं मोठी कानस उचलली.

पंचरसी धातू चांदीसारखा लोण्याचा नसतो. कानस किंचाळत होती. भागाबाईनं दारात पाठ करून दोन्ही कान पदरानं झाकले. अक्षरं एकेक करून बुजत गेली, आणि चौकटीत पिवळी पट्टी तेवढी उरली, नुकतीच घासलेली, बाकीच्या काळ्या थाळीत भलतीच उजळ. कागदावर किसाची लहानशी ढिगोळी जमली.

"फू..." जीवराम म्हणाला. "हाई तापीमा सोडनं पडी." त्याला पुढं काही सांगायचं होतं. पण त्या फूनं म्हणा, की दारातून आलेल्या लूनं, कागद उलटला. किस उन्हात एकदा चमकला आणि गेला. दोघं ज्या दिशेला बघत राहिले, तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

आखाजीच्या सकाळी ताईबाई थाळी मांडायला गेली. "मी म्हनस, नाव कोठे गे?" तिनं बोटं फिरवून फिरवून बघितली. भागाबाई रिकामी घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती, आणि ती घागर तिच्या हातून कुणाला सोडवता आली नाही. बिननावाची थाळी, बिनपाण्याची घागर. त्या वर्षी त्या घरात सांजोऱ्यांचा घाणा लागला नाही.

आणि धनसिंग आला.

कापसाची वेचणी चालू होती. जळगावकडच्या गाडीतून खाकी कपड्यांतल्या एका माणसानं त्याला हाताला धरून फलाटावर उतरवलं आणि गाडी सुटायच्या आत स्वतः परत चढला. सगळं गाव धावलं. तोच होता. कानातली बाळी जीवरामच्याच हातची. हात-पाय धड, डोळे धड. ताईबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "धनसिंग! अरे धनसिंग!"

तो शेजारच्या बकरीकडं बघत राहिला.

बकरी ओरडली की तो वळे. इंजिनाच्या शिट्टीला दचके. 'पानी', 'भाकर', 'बस' एवढं बोलेही, हळू, घशात गंज असल्यासारखं. फक्त स्वतःचं नाव त्याला ऐकू येत नव्हतं. कानाशी ओरडा, मागून हाक मारा, गिरधरच्या लष्करी आवाजात दरडावा; ते नाव म्हणजे दुसऱ्या कुठल्या गावच्या दुसऱ्या कुणाचं. वैद्य झाला, भगत झाला. भगतानं विचारलं, "याचं नाव कुणी घेतलं?" तेव्हा गर्दीत मागं उभ्या जीवरामचे पाय घराकडं वळले.

दुसऱ्या सकाळी दार उघडलं, तर धनसिंग ओट्यावर बसलेला. तीच जागा, खांबाला पाठ.

जीवराम उंबऱ्यात उभाच राहिला. हा जुन्या सवयीनं आलाय, की बाप म्हणाला तसा आलाय? त्यानं त्याच्या खांद्याला हात लावून बघितला. ऊन होता. पण चढत्या उन्हात चांदीही ऊन लागते.

त्या दिवसापासून जीवरामचं एकच चाललं. रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी तो ओट्यावर यायचा आणि हाक मारायचा, "फू... धनसिंग!" उत्तर नाही. मग कामाला लागायचा. पोरांना नवी नक्कल मिळाली. एक जण खांबाला टेकून आंधळ्यासारखा बघत बसे, दुसरा फुगलेल्या गालांनी हाका मारी. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं तोच खेळ खेळू लागली. ताईबाई 'मी म्हनस' म्हणता म्हणता गेली. तिचा टाक जीवरामनं ठोकला, पाठीवर नाव कोरलं, आणि तो हातात धरून धनसिंग ते नाव बोटानं चाचपत राहिला.

भागाबाईनं मात्र त्याला कधी हाक मारली नाही. मारणार कशी? बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे त्याच्या आयुष्याची दोरी आपल्या हातानं कापायची. ती 'अहो'सुद्धा म्हणायची नाही, बांगड्या वाजवायची. तो बांगड्यांना वळायचा. कधी तरी ती थाळी घेऊन जीवरामकडं येई. "भाऊ, नाव परत चढावी द्या. तसं तरी वळी."

"फू... जित्ता शे तो. चढावं ते मरी."

"आनि आते काय शे?"

 जीवराम कानस, हातोडी, चिमटा जागच्या जागी नीट लावत बसायचा.

दुसरी लढाई सुरू झाली. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी धुळ्याकडून एक लॉरी आली. वर भोंगा, त्यातून बाजा, आणि लॉरीच्या फळीवर गिरधर. केस पिकलेले, पण छातीवरचे दोन्ही बिल्ले चिंचेनं लखलखीत केलेले. एकावर राजा, दुसऱ्यावर पंखवाली बाई. "आवो, जवान! रोटी मिलेगी, वर्दी मिलेगी, ऐसा बिल्ला मिलेगा!" खाली टेबलाशी देशावरचा मुनशी. त्याचं बोलणं इस्त्री केलेलं. "पुढे या, पुढे या. लाजताय काय मुलींसारखे? नाव सांगा. मोठ्यानं!"

पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. कुणी पुढं होईना. भागाबाई मिरच्यांच्या ढिगामागं बसली होती, धनसिंग शेजारी बकऱ्यांच्या खुंट्यापाशी. जीवराम त्याच्यासाठी गूळ घेऊन येत होता.

"नाव!" मुनशी टेबलावर थाप मारून ओरडला.

धनसिंग उठला. पाठ ताठ झाली, टाचा जुळल्या. गर्दीतून सरळ चालत गेला आणि टेबलासमोर उभा राहून, वीस वर्षांत कुणी न ऐकलेल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "धनसिंग रुपचंद! हाजिर, साब!"

भोंग्यातला बाजा चालूच होता म्हणून, नाहीतर बाजारात मिरचीचं देठ पडलेलं ऐकू आलं असतं. त्याची नक्कल करून मोठी झालेली पोरं तोंड उघडी टाकून बघत होती.

"शाब्बास!" मुनशी म्हणाला आणि नाव लिहिलं. "बघा रे! हा म्हातारा उभा राहिला, आणि तुम्ही?" पोरांतला एक पुढं सरकला. मग दुसरा. बघता बघता धनसिंगच्या मागं रांग लागली.

जीवरामच्या हातून गूळ पडला. त्यानं गाल फुगवले, पण वाराच निघेना. "धनसिंग!" तो कसाबसा ओरडला. "अरे धनसिंग!" ती ताठ पाठ हलली नाही. गिरधर फळीवरून खाली उतरला होता; त्याचाही चेहरा उतरला होता.

तेव्हा मिरच्यांच्या ढिगामागून हाक आली.

"धनसिंग!"

बाईचा आवाज. अख्ख्या बाजारानं मान वळवली. भागाबाई उभी होती, पदर ढळलेला, हात मिरच्यांनी लाल. शेजारच्या म्हातारीनं तोंडावर हात घेतला, "अव माय, नाव लिधं!" भागाबाईनं तिकडं बघितलंही नाही. "धनसिंग! ओ धनसिंग! घर चाल!"

तो वळला.

आधी मान, मग खांदा, मग टाचा सुटल्या. त्यानं तिच्याकडं असं बघितलं, जसं फलाटावर उतरताना बघायला हवं होतं. रांगेतून बाहेर पडून तो तिच्याकडं चालू लागला. तिनं त्याचं मनगट पकडलं आणि मिरच्या तशाच टाकून घराची वाट धरली. मागं बायका कुजबुजत राहिल्या: नाव घेतलं तिनं, आता किती दिवस काढतो बघा.

"अहो, हे काय? नाव लिहिलंय त्यांचं," मुनशी म्हणाला.

"जाऊ द्या साब, दिमागसे गया है," गिरधर पुटपुटला.

जीवराम टेबलाशी गेला. "साहेब, तेवढं नाव खोडा."

"आम्ही लिहिलेलं खोडत नसतो, म्हातारबा. पुढचा!"

संध्याकाळी लॉरी पोरांना घेऊन धुळ्याच्या रस्त्याला लागली. त्यांच्या आया फाट्यापर्यंत मागं धावल्या. माणूस घरी राहिला होता, पण नाव लॉरीत बसून गेलं होतं, पोरांच्या नावांच्या आधी, सगळ्यात पहिलं.

दुसऱ्या सकाळी ओटा रिकामा होता. मागच्या गल्लीतून भागाबाईचा आवाज येत होता, ती नाव घेऊन त्याला न्याहारीला बोलावत होती, आणि तो 'ओ' देत होता. जीवरामनं ऐकलं. शेगडी पेटवली नाही. मोठी कानस काढली, तिच्या दात्यांत रुतलेला जुना पिवळा कण सुईनं टोकरून काढला, तिला तेल दिलं आणि रस्त्याकडं तोंड करून खांबाला पाठ लावून बसला.

आता आळीत ठकठक नव्हती. टाक ठोकून घ्यायला कुणी आलं तर तो नुसती नाही म्हणून मान हलवी. पोस्टमन सोनारआळीच्या तोंडाशी दिसला, की जीवराम कानस मांडीवर ओढून घेई, आणि त्याच्या पिशवीत काय जड आहे, काय गोल आहे, ते लांबूनच बघत राही.